ऑड कपलची जोडी का जमली आणि तुमची अजून का जमत नाहीये

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसच्या नाट्यस्पर्धेसाठी दोन पुरुषांची विनोदी एकांकिका बसवताय, एक रूममेट टापटीपवाला, दुसरा एकदम गबाळा. नट दोघंही चांगले, पाठांतर चोख, स्क्रिप्ट वाचताना सगळे हसले, पण उभं राहून करायला लागले की दोघं आपापलं वेगळं नाटक करतात. म्हणून फरक अजून ठळक केला, टापटीपवाल्याच्या हातात फडकं दिलं, गबाळ्याला फाटकी बनियन दिली, तरी काही होईना. मग कोणीतरी ऑड कपल ही जुनी अमेरिकन सिरीयल बघायला सांगितली आणि ती पाहून टेन्शन अजून वाढलं, कारण त्या दोघांचं काही न करताच जमून जातं. तर ही केमिस्ट्री जन्मजात असते का, आणि एक नट बदलावा का?

मी नागपुरात हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं दिग्दर्शन करून राहिलोय, राज्य नाट्य स्पर्धा, बँकांच्या आणि कॉलेजांच्या एकांकिका, त्यात दोघांच्या जोडीवर उभी असलेली विनोदी नाटकं जास्तच वाट्याला आली. छोटं उत्तर हवं असेल तर, नट बदलू नका, निदान अजून नाही. मोठं उत्तर खाली आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगतो, मी तुमची तालीम पाहिली नाही, स्क्रिप्ट वाचलं नाही, त्यामुळे बरंच काही कशावर अवलंबून आहे ते तुम्हालाच ताडून बघावं लागेल. प्रयोगाला दोन महिने असतील तर मी सांगतो ते सगळं करता येईल, दोन आठवडेच असतील तर त्यातलं एखादंच होईल. हॉल कोणता आहे यानेही फरक पडतो, त्यावर नंतर येतो. आणि स्क्रिप्टमध्येच जर दोघांना एकत्र राहायचं काही कारण नसेल तर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आणून उभे केले तरी काही होणार नाही.

आता मूळ दुखणं. तुम्ही लिहिलंय की फरक अजून ठळक केला. माझ्या मते नाटक तिथेच हातातून गेलं. फरक ठळक करा असं नटाला सांगितलं की तो स्वतःकडे बघायला लागतो. टापटीपवाला विचार करतो की मी पुरेसा टापटीप दिसतोय का, रुमालाची घडी नीट घातली का, गबाळा विचार करतो की मी पुरेसा गबाळा दिसतोय का, आणि समोर कोण उभं आहे याकडे दोघांचंही लक्ष नाही. प्रेक्षकाला ते लगेच कळतं, कारण त्याला दोन चांगल्या नकला दिसतात, दोन माणसं दिसत नाहीत.

ऑड कपलमध्ये नेमकं काय झालं ते बघू. मूळ नाटक नील सायमनचं, १९६५ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं, गबाळ्या ऑस्करच्या भूमिकेत वॉल्टर मॅथॉ आणि टापटीप फेलिक्सच्या भूमिकेत आर्ट कार्नी. १९६८ ला सिनेमा झाला, त्यात मॅथॉच होता आणि समोर जॅक लेमन. मग १९७० ते १९७५ एबीसी चॅनलवर सिरीयल, पाच सीझन, ११४ भाग, ऑस्कर मॅडिसन झाला जॅक क्लगमन आणि फेलिक्स अंगर झाला टोनी रँडल. ऑस्कर पेपरात खेळावर लिहिणारा, सिगार ओढणारा, जुगारी, पसारेवाला. फेलिक्स फोटोग्राफर, ऑपेराचा शौकीन, स्वच्छतेचं वेड, सायनसमुळे विचित्र आवाज काढणारा. दोघंही घटस्फोटित, न्यूयॉर्कच्या एका फ्लॅटमध्ये एकत्र राहतात, बस, गोष्ट एवढीच.

जन्मजातवाल्या शंकेबद्दल एक गंमत सांगतो. रँडलला ऑस्करच्या भूमिकेत क्लगमन नको होता, त्याला मिकी रूनी हवा होता कारण त्याच्याबरोबर त्याने हे नाटक आधी केलेलं. क्लगमनसाठी चॅनलवाल्यांशी भांडला तो गॅरी मार्शल, सिरीयल उभी करणाऱ्यांपैकी एक. म्हणजे ज्या जोडीचं आज अख्खं जग उदाहरण देतं ती जोडी त्यातल्या एकाच्या मनातसुद्धा नव्हती! घट्ट दोस्ती पुढे झाली, आयुष्यभर टिकली, पण ती काम करता करता झाली. दोस्ती आहे म्हणून केमिस्ट्री, असं मानून आपल्याकडे बरेच दिग्दर्शक कॉलेजचे दोन जिगरी घेतात, आणि ते पोट्टे स्टेजवर एकमेकांना टाळ्या देत बसतात, प्रेक्षक बाहेरच राहतो.

दोघांचे स्वभाव भूमिकेला जवळचे होते हे खरं आहे, नाही म्हणत नाही. रँडलला स्वतःला ऑपेराचं वेड होतं, क्लगमनला घोड्यांच्या रेसचं, त्याचे स्वतःचे घोडे होते आणि एक तर १९८० च्या केंटकी डर्बीत तिसरा आला. पण नागपुरातसुद्धा प्रत्येक ऑफिसात एक फायली रंगाप्रमाणे लावणारा आणि एक टेबलाच्या ड्रॉवरमध्ये अर्धा समोसा विसरणारा असतोच की, त्यांना शेजारी बसवलं म्हणून सिरीयल होत नाही. स्वभाव जुळणं हे कास्टिंगला सोपं पडतं, पुढचं काम त्याने होत नाही.

पुढचं काम म्हणजे ऐकणं. ऐकायला बोअर वाटेल पण माझा सगळा अनुभव इथे येऊन थांबतो. ती सिरीयल परत बघा आणि या वेळी जो बोलतोय त्याच्याकडे बघूच नका, गप्प असलेल्याकडे बघा. एक भाग आहे, १९७२ चा, ज्यात दोघं पासवर्ड नावाच्या खऱ्या टीव्ही गेम शोमध्ये जातात, शोचा खरा सूत्रसंचालक अॅलन लडन आणि त्याची बायको बेटी व्हाइट स्वतः म्हणूनच आलेत. खेळ असा की एका शब्दाचा एकाच शब्दात क्लू द्यायचा आणि जोडीदाराने मूळ शब्द ओळखायचा. शब्द आहे पक्षी, आणि फेलिक्स गंभीर चेहऱ्याने क्लू देतो अॅरिस्टोफेनिस, कारण त्या ग्रीक नाटककाराचं पक्षी नावाचं नाटक आहे! आता हा विनोद लिहिलाय फेलिक्सच्या तोंडी, पण हशा फुटतो तो क्लगमनच्या चेहऱ्यावर. त्याने तिथे डोळे फिरवून, कपाळावर हात मारून, प्रेक्षकाकडे बघून काही केलं असतं तर सीन तिथेच मेला असता. तो खरोखर विचार करतो की या बाबाला काय म्हणायचंय. त्याला जिंकायचंय. फेलिक्सला तर जास्तच जिंकायचंय. दोघांना एकच गोष्ट हवीय आणि दोघांची डोकी वेगळ्या दिशेने चालतात, बस, इथे ठिणगी आहे.

क्लगमनचं ऐकणं कुठून आलं असेल याचा मी विचार केलाय. तो टीव्हीच्या आधी स्टेजचा माणूस होता, ब्रॉडवेवर मॅथॉनंतर ऑस्कर त्यानेच केलेला. आणि १९५७ च्या १२ अँग्री मेनमध्ये तो पाचव्या नंबरचा ज्यूरी आहे, तो सिनेमा पाहिला असेल तर आठवेल, बारा माणसं एका खोलीत आणि बहुतेक वेळ अकरा जणांना ऐकायचंच काम आहे. अशा कामातून आलेल्या नटाला गप्प बसायची भीती वाटत नाही. आपल्या हौशी नटाला वाटते. त्याला वाटतं माझं वाक्य नाही म्हणजे मी स्टेजवर वाया चाललोय, म्हणून तो काहीतरी करत राहतो, आणि त्या काहीतरीमुळे समोरच्याचं वाक्य खाल्लं जातं.

अजून एक गोष्ट, जी सिरीयल बघताना पटकन लक्षात येत नाही. पहिला सीझन एका कॅमेऱ्यावर, सिनेमासारखा तुकड्यातुकड्यात शूट झाला आणि हशा नंतर टेपवरून चिकटवला. दोघांनाही तो टेपवरचा हशा आवडायचा नाही. दुसऱ्या सीझनपासून तीन कॅमेरे आणि समोर खरे प्रेक्षक, म्हणजे जवळजवळ नाटकच. पहिल्या आणि तिसऱ्या सीझनचा एकेक भाग लागोपाठ बघा, फरक तुम्हालाच दिसेल. तुकड्यात शूट करताना रँडलचा क्लोजअप वेगळा, क्लगमनचा वेगळा, मधलं अंतर एडिटिंगवाला ठरवतो. सलग करताना ते अंतर दोघं मिळून ठरवतात, हशा आला की दोघं एकत्र थांबतात, हशा ओसरायला लागला की एक जण पुढचं वाक्य उचलतो आणि ते कधी उचलायचं हे त्याला दुसऱ्याच्या श्वासावरून कळतं. मला विचाराल तर त्यांची जोडी खरी बनली ती इथे. क्लगमनला या भूमिकेसाठी १९७१ आणि १९७३ ला एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं बक्षीस मिळालं, रँडलला १९७५ ला, तोपर्यंत सिरीयल बंदच झाली होती बिचाऱ्याची. रेटिंग कधीच फार भारी नव्हतं, लोकप्रिय झाली ती नंतर पुन्हा पुन्हा दाखवली गेली तेव्हा.

आता दुसरी बाजू, एकमेकांची गरज. तुमच्या स्क्रिप्टला हा एक प्रश्न विचारून बघाच, हे दोघं वेगळे का होत नाहीत? गबाळा त्याला घराबाहेर का काढत नाही, टापटीपवाला दुसरी खोली का बघत नाही? भाडं परवडत नाही हे उत्तर चालतं पण ते फार कोरडं आहे, त्याने नटाला खेळायला काही मिळत नाही. ऑस्करला फेलिक्स का हवाय? कारण घरी जेवण गरम मिळतं, कारण पैसे उडवल्यावर कोणीतरी रागावतं, कारण एकटा राहिला तर तो हळूहळू त्या पसाऱ्याखाली गाडला जाईल हे त्याला माहितीये. फेलिक्सला ऑस्कर का हवाय? कारण बायकोने घराबाहेर काढल्यावर ज्याने दार उघडलं तो हाच. मूळ नाटकात तर फेलिक्स जीव द्यायच्या विचारात असतो आणि पत्त्यांचा अड्डा जमवलेले मित्र घाबरून खिडक्या सांभाळतात, म्हणजे विनोदाच्या खाली एवढं गंभीर काहीतरी ठेवलंय. फरक वर दिसतो, खाली दोघं सारखेच आहेत, सारखेच एकटे आणि सारखेच हट्टी. रस्सीखेच बघितलीय ना, दोन्ही बाजूंनी ओढतात पण दोर एकच असतो, एकाने सोडला की दुसरा पाठीवर पडतो आणि खेळ संपतो. तुमच्या नटांच्या हातात बहुतेक दोन वेगळे दोर आहेत.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर चिमणराव गुंड्याभाऊ. चिं. वि. जोशींच्या गोष्टी, मुंबई दूरदर्शनवर मालिका झाली सत्तरच्या दशकाच्या शेवटी, चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. एक भित्रा, चाचरत बोलणारा कारकून, दुसरा दणकट, मिशीवाला, कोणाच्याही अंगावर जाणारा. फरक डोळ्यांना दिसतोच, तो दाखवायला काही करावंच लागत नाही. पण नीट बघा, दोघं सारखेच भाबडे आहेत. चिमणराव घाबरून गोंधळ घालतो, गुंड्याभाऊ न घाबरता गोंधळ घालतो, गोंधळाचं माप तेवढंच. आणि चिमणरावाला गुंड्याभाऊचं कौतुक आहे, खरंखुरं कौतुक, ते प्रभावळकरांच्या डोळ्यात दिसतं. त्यातला एक जरी जास्त हुशार किंवा दुसऱ्याला मनातून तुच्छ समजणारा असता तर आपण हसलो असतो एकदोनदा, पण घरी बोलावलं नसतं.

हे तुच्छ समजण्याचं प्रकरण नागपुरात फार होतं म्हणून जरा थांबतो. आपल्या इथल्या लेखकांची आवडती सोय म्हणजे एक पात्र पुणेरी आणि एक वऱ्हाडी. एक म्हणतो "अहो, आपण जरा शांत बसाल का", दुसरा म्हणतो "काऊन बे, का झालं", पहिली पाच मिनिटं हशा फुकटात. सहाव्या मिनिटाला प्रेक्षक वाट बघायला लागतो की आता पुढे काय, आणि पुढे काहीच नसतं, कारण लेखकाने पुणेकराला नुसता शिष्ट करून ठेवलाय आणि वऱ्हाड्याला नुसता अडाणी. भाषेचा फरक वापरा की, मीही वापरतो, पण त्या पुणेकराला त्या वऱ्हाड्याकडून काहीतरी हवं असलं पाहिजे जे त्याला स्वतःला जमत नाही, आणि उलटही. पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं कधी वडसा-देसाईगंजकडे जाऊन रात्रभर बसून पाहिली असतील तर तिथल्या विनोदी जोड्या हे किती सहज करतात ते दिसेल. प्रेक्षक शेतातून थकून आलेला असतो, थंडी असते, जोडीतल्या एकाने दुसऱ्याला सोडून नुसतं पब्लिककडे बघून काम केलं तर लोक तोंडावर सांगतात.

स्क्रिप्ट सारखं आणि जोडी वेगळी असं झालं तर काय होतं याचाही नमुना ऑड कपलमध्येच आहे. १९८२ ला एबीसीनेच न्यू ऑड कपल आणली, डेमंड विल्सन ऑस्कर आणि रॉन ग्लास फेलिक्स, आणि त्यात जुन्या सिरीयलची काही स्क्रिप्ट पुन्हा वापरली. दोघंही सिटकॉममध्ये मुरलेले नट, कच्चे अजिबात नाहीत. १८ भागांत बंद. २०१५ ला सीबीएसवर मॅथ्यू पेरी आणि थॉमस लेनन यांची आली, ती तीन सीझन चालली, ३८ भाग. आता सिरीयल बंद व्हायला हजार कारणं असतात, वेळ, चॅनल, जुन्याशी होणारी तुलना, त्यामुळे सगळं जोडीच्या माथी मारू नये. पण एवढं नक्की सांगता येतं की कागदावरचा तोच फरक आणि तेच संवाद दुसऱ्यांच्या तोंडी दिले की तेच आपोआप होत नाही. म्हणून ऑड कपल बघून रँडलची कॉपी करू नका, तो नाकाने काढतो तो आवाज तर अजिबात नको, प्लीज.

तर आतापर्यंतचं एवढंच, फरक स्क्रिप्टने आणि शरीराने दिलेलाच आहे, त्याला हात लावू नका, नटांना एकमेकांकडे बघायला लावा आणि दोघांना एकमेकांची गरज का आहे ते ठरवा. आता हे तालमीत कसं करायचं.

मी सगळ्यात आधी क्यू मोडतो. हौशी नट समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द पाठ करतो आणि ते कानावर पडेपर्यंत डोक्यात स्वतःचं वाक्य घोळवत उभा असतो, ऐकत नसतोच. म्हणून तालमीत मी दोघांनाही गुपचूप सांगतो की वाक्याचा अर्थ तोच ठेव पण शेवट बदल, कधी मध्येच थांब, कधी तेच वाक्य प्रश्नासारखं विचार. पहिल्या दिवशी सगळं कोसळतं, चिडतात, म्हणतात सर आमचं पाठांतर बिघडून राहिलं. बिघडू द्या. दोनतीन तालमींनी ते मान वर करून एकमेकांकडे बघायला लागतात कारण दुसरा मार्गच उरत नाही. मग मूळ वाक्यांवर परत या, पाठांतर कुठे जात नाही.

दुसरं, ऐकणाऱ्याच्या हाताला खरं काम द्या. खोटं नाही, खरं. माझ्याकडे एक घरमालक आणि भाडेकरू अशी जोडी होती, भाडेकरू करणारा पोट्टा भलता चलाख, प्रत्येक वाक्याला लाफ्टर काढायचा, आणि घरमालक करणारे काका त्याच्यासमोर खांबासारखे उभे, मग घाबरून हातवारे करायचे. काकांना तांदूळ निवडायला बसवलं, खरे तांदूळ, खरे खडे. आता तो बोलतोय आणि काका निवडतायत, आणि भाड्याचा विषय निघाला की काकांचा हात थांबतो. नुसता थांबतो, मान वर करत नाहीत. हॉल हसला. पुढच्या तालमीत पोट्ट्याला कळलं की हशा माझ्या वाक्यावर नाही, काकांच्या हातावर आहे, आणि मग तो त्या हाताकडे बघत वाक्य टाकायला लागला, हात थांबेल का, नाही थांबला, मग अजून थोडं पुढे, थांबला! तिथून ती जोडी झाली. तुमच्या टापटीपवाल्याच्या हातात तुम्ही फडकं दिलंय ते चांगलंच आहे, पण ते बोलताना वापरायचं बंद करा, ऐकताना वापरायला सांगा, आणि दुसऱ्याच्या कोणत्या शब्दावर फडकं थांबतं ते त्यालाच शोधू द्या.

तिसरं, तक्रारींची बैठक. एका नटाला बाहेर चहाला पाठवा आणि दुसऱ्याला पात्र म्हणून तुमच्यासमोर बसवून दहा मिनिटं रूममेटबद्दल तक्रारी करायला सांगा, स्क्रिप्टमधल्या नाही, स्वतःच्या मनाने. टॉवेल, गीझर, मोबाइलचा अलार्म, तर्री पोह्यांची प्लेट रात्रभर सिंकमध्ये, जे सुचेल ते. आणि शेवटी विचारा, तो उद्या सोडून गेला तर तुला काय चुकल्यासारखं वाटेल. इथे बहुतेक नट अडकतात, कारण त्यांनी विचारच केलेला नसतो. उत्तर मिळेपर्यंत सोडू नका, मग दुसऱ्याला बोलवा आणि तेच करा. त्यांची उत्तरं एकमेकांना सांगू नका, ते गुपित त्यांच्याकडेच राहू द्या, तालमीत कुठेतरी आपोआप दिसतं.

या गुपिताचा नमुना ऑड कपलच्या शेवटच्या भागात आहे, मार्च १९७५. फेलिक्स आपल्या बायकोशी, ग्लोरियाशी पुन्हा लग्न करतो आणि फ्लॅट सोडून निघतो. निघताना ऑस्करला मानवंदना म्हणून तो, तो स्वच्छतेचा वेडा माणूस, कचऱ्याची बादली जमिनीवर उपडी करतो. आणि ऑस्कर म्हणतो, मी पण तुला मानवंदना देतो, हे मी साफ करेन. फेलिक्स गहिवरून जातो. दार बंद झाल्यावर ऑस्कर म्हणतो, मी नाही साफ करणार. आणि फेलिक्स परत आत येऊन म्हणतो, मला माहीत होतं हा नाही करणार! पाच वर्षांत काहीच बदललं नाही आणि तरी दोघांनी एकमेकाची भाषा शिकून घेतलीय, ते दोन मिनिटांत दाखवलं. तुमच्या एकांकिकेत अशी एक जागा शोधा जिथे टापटीपवाला गबाळेपणा करतो आणि गबाळा टापटीपपणा, एकमेकासाठी. स्क्रिप्टमध्ये नसेल तर लेखकाला गाठा, एक पान वाढवून मागा. फक्त एकच जागा ठेवा, जास्त केल्या तर गोड होतं आणि परीक्षक नाक मुरडतात.

हॉलचं म्हटलं होतं. टीव्हीवर क्लगमनच्या भुवईवर हशा येतो कारण कॅमेरा तिथे जातो. तुमचा प्रयोग वसंतराव देशपांडे सभागृहात असेल तर मागच्या रांगांना भुवई दिसणार नाही, तिथे ऐकणं खांद्यातून, मानेतून, पाय थबकण्यातून दिसलं पाहिजे, आणि दोघांमधलं अंतर जरा जास्त ठेवा म्हणजे एकाने दुसऱ्याकडे वळणं दिसतं. सायंटिफिक सभागृहासारख्या त्यामानाने लहान जागेत थोडं कमी केलं तरी पोचतं. ऑफिसच्याच मीटिंग हॉलमध्ये असेल तर मात्र खूपच कमी करा, पहिली रांग नाकासमोर असते आणि साहेब मध्यभागी बसलेले असतात, नट साहेबांकडे बघून विनोद करतात हा एक वेगळाच रोग आहे, त्यावर औषध नाही, साहेबांना कोपऱ्यात बसवा.

हशाला थांबायचं पण शिकवा. हौशी नट हशा आला की घाबरून पुढचं वाक्य त्याच्यावरच बोलून टाकतो, किंवा उलट, हशा संपल्यावरही वाट बघत उभा राहतो. तालमीला शेवटच्या आठवड्यात रोज वेगळे चारपाच लोक बसवा, शेजारी, चहावाला, कोणाची बहीण, आणि त्यांना स्क्रिप्टबद्दल काही सांगू नका. ज्या जागी ते हसतील तिथे दोन्ही नटांनी एकत्र थांबायचं, आणि थांबताना एकमेकांकडे बघायचं, प्रेक्षकाकडे नाही. ठरलेल्या जागी हसले नाहीत तर न थांबता पुढे जायचं, हशा मागत उभं राहायचं नाही.

आणि एवढं सगळं करूनही काही हललं नाही तर? होतं असं कधीकधी, काही नट ऐकतच नाहीत, स्वभावच तो असतो, आणि दोघांपैकी एक जरी असा निघाला तर दुसऱ्याने किती ओढायचं. पण बदलायच्या आधी एक शेवटचा उपाय करा, भूमिका अदलाबदल. मॅथॉने म्हणे नील सायमनकडे हट्ट धरला होता की मला ऑस्कर नको, फेलिक्स दे, ऑस्कर तर मला सहज येतो. त्याला मिळाला नाही, पण विचार चुकीचा नव्हता. जो नट स्वभावाने गबाळा आहे त्याला टापटीपवाला करायला दिला की त्याला मेहनत घ्यावी लागते, आणि मेहनत घेताना तो समोरच्याकडे बघायला लागतो कारण समोरचा त्याचीच सोडलेली भूमिका करतोय, आणि ती त्याला स्वतःपेक्षा बरी की वाईट करून राहिलाय हे बघायची खाज असतेच. एक पूर्ण तालीम अशी करा, मग परत मूळ भूमिका द्या, किंवा अदलाबदलच जास्त चांगली वाटली तर तीच ठेवा, पाठांतराला आठ दिवस लागतील तेवढे आहेत का ते आधी कॅलेंडरमध्ये बघून घ्या.

स्क्रिप्टमधलं पहिलं भांडण आणि शेवटचा सीन, एवढी दोन पानं इथे टाकता आली तर टाका, त्या दोघांना एकमेकांकडून काय हवंय ते त्यात दिसतंय का ते बघून सांगतो.